दातांचे कवच कुणाच्या अखत्यारीत येते?

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्य, औषधे व सौंदर्यप्रसाधने आणि दुकानांचे परवाने यांचे काम पाहणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत गेली 27 वर्षे विज्ञान शिकवते. दात पांढरे करण्याच्या नावाखाली शहरातल्या पार्लरमध्ये आणि जत्रेत जे चालते, त्याबद्दलचा या पत्रातला मजकूर मी आधी साध्या अर्जाच्या स्वरूपात तुमच्यापैकी तीन कार्यालयांत दिला होता. पहिल्या कार्यालयाने सांगितले की ब्युटी पार्लर हा त्यांचा विषय नाही. दुसऱ्याने सांगितले की ते दुकानाचा परवाना बघतात, दुकानात काय चालते ते बघत नाहीत. तिसऱ्याने विचारले की वस्तूवर कंपनीचे नावच नसेल तर चौकशी करायची कुणाची. कुणीही माझ्याशी वावगे बोलले नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. प्रत्येकाने आपापल्या चौकटीत राहून उत्तर दिले, पण तिन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या की मध्ये जी फट उरते, त्या फटीत आज शहरातल्या तरुण मुलामुलींचे दात सापडले आहेत. ते मला गप्प बसून पाहवत नाही, म्हणून तोच अर्ज आता सर्वांना वाचता येईल असा लिहीत आहे.

आधी माझा या गोष्टीशी संबंध काय, ते सांगते. माझ्या धाकट्या मुलीचे लग्न गेल्या मे महिन्यात झाले. साखरपुड्याचे फोटो आल्यावर कुणीतरी सहज म्हणाले की हसताना दात जरा पिवळे दिसतात, आणि ते वाक्य तिच्या मनातून गेले नाही. शहरातल्या एका पार्लरमध्ये लग्नाचे पॅकेज ठरवायला ती गेली, तेव्हा फेशियल, केस आणि मेकअप यांच्या यादीतच ‘टीथ व्हाइटनिंग’ असे एक कलम होते. एरवी याचे 2,500 रुपये होतात, तुम्हाला पॅकेजमध्ये बसवून देतो, असे तिला सांगण्यात आले. तिचे दात मुळात चांगले होते, फक्त रंगाने किंचित पिवळसर, जसे आपल्यापैकी बहुतेकांचे असतात.

मी त्या दिवशी तिच्यासोबत होते, त्यामुळे पुढचे सगळे डोळ्यांनी पाहिलेले सांगते. तिथे काम करणाऱ्या मुलीने आधी फिरत्या ब्रशवर खरखरीत पावडर घेऊन दात घासले. मग ओठ ताणून धरणारी प्लास्टिकची चौकट तोंडात बसवली, एका सिरिंजमधले जेल दातांवर ओढले आणि निळा दिवा समोर लावून वीस मिनिटे बसवून ठेवले. असे तीन वेळा केले. कुठला दात किडला आहे का, पूर्वी कुठला दात भरला आहे का, थंड पाण्याने दात शिवशिवतात का, यातले एकही तिने विचारले नाही, आणि विचारले असते तरी उत्तराचे काय करायचे हे तिला कुणी शिकवलेले नव्हते. तिला मी दोष देत नाही. महिन्याच्या पगारावर काम करणारी बावीस-तेवीस वर्षांची मुलगी ती. तिच्या हातात ती सिरिंज कुणी दिली आणि का देऊ दिली, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्या रात्री मुलीच्या हिरड्यांच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या आणि सगळ्या दातांतून सणक जाऊ लागली. पार्लरला फोन केला, तर होते असे, दोन दिवसांत जाते, असे उत्तर मिळाले. हिरड्या खरोखरच चार-पाच दिवसांत पूर्ववत झाल्या आणि पुढच्या दातांची शिवशिवही कमी झाली, पण उजवीकडचा एक वरचा दात ठणकतच राहिला. लग्नाला आठ दिवस राहिले असताना आम्ही दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढून दाखवले की दोन दातांच्या मध्ये, वरून न दिसणाऱ्या जागी कीड होती. ही कीड जेलमुळे झालेली नाही, ती आधीपासून होती, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र कुणी तपासून पाहिले असते तर आधी तो दात भरला असता आणि ते औषध किडीच्या वाटेने आत झिरपून नस दुखावली नसती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. लग्नाच्या चार दिवस आधी तिचे रूट कॅनाल झाले. देवकार्याच्या दिवशी पंगतीत सगळे कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खात होते आणि नवरी मुलगी तीच भाकरी आमटीत भिजवून, मऊ लगदा करून, एका बाजूने गिळत होती. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, तिला माठातले पाणी पिता येत नव्हते. ती कोमट पाणी पीत होती.

हे एका घरातले झाले. आता यामागचे विज्ञान थोडे विस्ताराने लिहिते, कारण ते कळल्याशिवाय माझ्या तक्रारी तुम्हाला हौसेच्या वाटतील.

आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती, तशी सोलापुरात घरोघर असते. लिंबू चिरताना रसाचा थेंब फरशीवर पडला आणि लगेच पुसला नाही, की तिथे पांढरट, खरबरीत डाग उठायचा आणि मग तो कशानेही जायचा नाही, कारण तो डाग फरशीवर चढलेला नसायचा, त्या जागी फरशीच खाल्ली गेलेली असायची. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाने तो विरघळतो. दातावरचे कवच, म्हणजे इनॅमल, हेही खनिजच आहे, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे. वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिज असतो. माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ हाच, तरीही तोंडातला पीएच (आम्लता सांगणारा आकडा, जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की त्यातली खनिजे निघू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो. पीएचचा एक आकडा खाली येणे म्हणजे आम्लता दहा पट वाढणे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. म्हणजे 5.5 आणि 2.5 यांच्यातला फरक एक हजार पटीचा झाला.

इनॅमल सगळीकडे सारखे जाड नसते. दाढेच्या उंचवट्यांवर ते जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास असते आणि हिरडीकडे येता येता कागदासारखे पातळ होत संपते. त्याच्या खाली डेंटिन नावाचा थर असतो, जो मुळातच पिवळसर असतो आणि ज्यातल्या सूक्ष्म नळ्या थेट आतल्या नसेच्या दिशेने जातात. इनॅमल अर्धपारदर्शक असल्यामुळे दाताचा रंग बराचसा या डेंटिनचा असतो, आणि म्हणून निरोगी दातही शुभ्र नसतो, दुधाळ पिवळसर असतो. वय वाढते तसे इनॅमल झिजून पातळ होते, आतले डेंटिन जाड होते आणि दात आणखी पिवळे दिसतात. यावरून एक गोष्ट आपोआप निघते, आणि ती मी प्रत्येक पालकाला सांगते: खरवडून, घासून, आम्ल लावून दात पांढरे करायला जाल तर कवच पातळ होईल आणि खालचा पिवळा थर अधिक दिसू लागेल. पांढऱ्या दातांच्या मागे लागून शेवटी ते पूर्वीपेक्षा पिवळे आणि वर शिवशिवणारे होतात.

हाड मोडले तर जुळते, कातडी भरून येते. इनॅमलचे तसे नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात, तेव्हा मऊ झालेला पृष्ठभाग लाळेतल्या खनिजांनी आणि टूथपेस्टमधल्या फ्लोराइडने पुन्हा कठीण होऊ शकतो, पण जो थर झिजून किंवा विरघळून गेला, तो आयुष्यात परत येत नाही.

दंतवैद्यांच्या देखरेखीखाली होणाऱ्या ब्लीचिंगला माझा विरोध नाही, हे इथेच लिहून ठेवते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. ते इनॅमलमधून आत जाऊन रंग देणारे रेणू तोडते. ते दात खरवडत नाही. रात्री दातांवर साचा घालून 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरण्याची पद्धत 1989 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तिचा भरपूर अभ्यास झाला आहे. या 10 टक्क्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दात काही दिवस शिवशिवणे आणि हिरडीला जळजळ होणे हे तिचे नेहमीचे त्रास आहेत आणि ते बहुधा आपोआप थांबतात. इनॅमलचा पृष्ठभाग काही काळ थोडा मऊ होतो आणि लाळेमुळे सावरतो. दवाखान्यात खुर्चीवर बसवून करतात त्या पद्धतीत पेरॉक्साइड 25 ते 40 टक्क्यांपर्यंत असते, आणि म्हणूनच तिथे हिरड्यांवर आधी संरक्षक थर लावावा लागतो, कीड आधी भरावी लागते, वेळ मोजावा लागतो. माझ्या मुलीच्या बाबतीत यातले काहीच झाले नाही. जेलमध्ये किती टक्के काय होते, हे तर आजही कुणाला माहीत नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार अर्थातच ही की दातांवर रासायनिक क्रिया करण्याचे काम पार्लरमध्ये उघडपणे, दरपत्रकावर छापून चालते. नोंदणी असलेल्या दंतवैद्याशिवाय कुणाला दंतचिकित्सेचा व्यवसाय करता येत नाही, हे 1948 च्या डेंटिस्ट्स ॲक्टनेच ठरवून दिले, आणि 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही मंजूर केला आहे. मग तोंडात चौकट बसवून दातांत आरपार जाणारे औषध लावणे ही दंतचिकित्सा आहे की केस धुण्यासारखी सेवा आहे, याचे लेखी उत्तर कुणीतरी द्यायला हवे. युरोपीय संघाने हा प्रश्न 2012 पासून निकालात काढला आहे. तिथे 0.1 टक्क्यापेक्षा जास्त आणि 6 टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने फक्त दंतवैद्यांना विकता येतात, उपचाराच्या प्रत्येक फेरीतला पहिला वापर दंतवैद्याने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावा लागतो, अठरा वर्षांखालील मुलांवर ती वापरता येत नाहीत आणि 6 टक्क्यांच्या वर सौंदर्यप्रसाधन म्हणून विक्रीला बंदीच आहे. आपल्या इथे इतकी स्पष्ट रेघ कुणी ओढून दाखवत नाही, आणि तिचा अभाव हेच कारण पुढे करून माझा अर्ज परत येतो.

दुसरी तक्रार त्या सिरिंजची. मुलीला पॅकेजबरोबर ‘घरी टचअपसाठी’ म्हणून एक सिरिंज दिली होती. ती माझ्यासमोर टेबलावर आहे. बोटाएवढी पारदर्शक प्लास्टिकची नळी, निळे टोपण, आत तीन मिलिलिटरच्या खुणेपर्यंत गढूळ जेल. बाहेर एक चिकटपट्टी आहे, तिच्यावर हसऱ्या तोंडाचे चित्र आणि इंग्रजीत ‘प्रोफेशनल’ एवढा एकच शब्द आहे. घटक नाहीत, टक्केवारी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, किती तारखेपर्यंत वापरावे ते नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली 2020 मध्ये जे कॉस्मेटिक्स नियम आले, त्यांनुसार साध्या पावडरच्या डब्यावरही यातली टक्केवारी सोडून बाकीची माहिती छापावी लागते. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर जे छापलेले असते, ते माणसाच्या दातांत जाणाऱ्या औषधावर नाही. उत्पादकाचे नाव नाही म्हणून चौकशी होऊ शकत नाही, हे उत्तर मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. नाव नसणे हाच तर गुन्हा आहे, आणि विकणाऱ्याचे दुकान तर जागेवर आहे.

तिसरी, फोटोची. पार्लरच्या भिंतीवर आणि मोबाइलवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो लावलेले असतात. तोंड तासभर उघडे ठेवले, वर दिव्याची ऊब लागली की दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात काही काळ जास्त पांढरा दिसतो. लाळेचा ओलावा परत मुरला की एक-दोन दिवसांत त्यातला बराच पांढरेपणा उतरतो. ‘नंतर’चा फोटो नेमका खुर्चीवरून उठण्याआधी काढलेला असतो. ही ग्राहकाची दिशाभूल आहे आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे.

चौथी तक्रार मला सर्वांत भयंकर वाटते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत, होम मैदानावर भरणाऱ्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, आम्ही सगळे जातो. लहानपणापासून जाते, आणि गड्ड्याशिवाय सोलापूरचा जानेवारी मला कल्पनेतही येत नाही. या वर्षी तिथे वाटेवर एक माणूस छोट्या बाटल्यांची पेटी मांडून बसला होता. समोरच्या घोळक्यातून एका शाळकरी मुलाला त्याने पुढे बोलावले, काडीला कापूस गुंडाळून तो बाटलीत बुडवला आणि मुलाच्या पुढच्या दातांवर फिरवला. तपकिरी डाग मिनिटभरात गेले. लोकांनी पटापट बाटल्या घेतल्या. मीही 30 रुपये देऊन एक घेतली, ती तपासायला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत निळा लिटमस कागद तिच्यात बुडवला, तो क्षणात लालभडक झाला. मग आवारातला शहाबादीचा एक फुटका तुकडा आणून त्यावर दोन थेंब टाकले. फेस आला, बारीक बुडबुडे फुटत राहिले, आणि पुसल्यावर फरशीवर नखाएवढा खड्डा पडलेला होता. दहावीच्या मुलांनी तो बोटाने चाचपून पाहिला. डाग का गेले, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही. डाग ज्या थरावर होते, तो थरच त्या माणसाने काढून टाकला होता. ते आम्ल कोणते, हे ओळखण्याची सोय शाळेत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत आहे.

याच्या जोडीला घरगुती उपायांचे पेव फुटले आहे. नववीतली एक मुलगी दोन महिने रोज लिंबाच्या रसात कोळशाची पूड कालवून दात घासत होती. ते तिने मोबाइलवर पाहिले होते. आंबट लागल्यावर इनॅमल मऊ होते आणि नेमक्या त्याच वेळी ती कोळशाने ते खरवडत होती, म्हणजे घाव आणि वर घासणे दोन्ही एकदम. मी तिला विचारले, कशासाठी गं? ती म्हणाली, ‘बाई, आईच्या दातांसारखे व्हायला नकोत.’ तिची आई विड्या वळते आणि मिश्री लावते. या भागातल्या कितीतरी बायका लावतात. तंबाखू असलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली आहे, पण तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीला कुठली बंदी अडवणार? त्या मुलीला मी काय सांगायचे होते? इतकेच सांगितले की तंबाखूचे, चहाचे डाग बाहेरचे असतात, दंतवैद्यांकडे स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेल्या थराची सफाई, केले की निघतात, स्केलिंगने दात हलत नाहीत, आणि जो रंग जन्मतःच आतला आहे तो घासून जाणार नाही. कुणी मला आजीच्या राखुंडीचा दाखला देतात. माझ्याही आजीने आयुष्यभर राखुंडी वापरली. तिच्या दातांना हिरडीपाशी सुरीने कापल्यासारख्या खाचा पडल्या होत्या आणि ती गार पाणी पिताना डोळे मिटून घ्यायची, हे मला चांगले आठवते.

शेवटची तक्रार दंतवैद्यांच्या काही दवाखान्यांबद्दल आहे आणि ती थोडक्यात लिहिते, कारण शहरातले बहुतेक दंतवैद्य जबाबदारीने काम करतात आणि माझ्या मुलीचा दात त्यांच्यापैकीच एकांनी वाचवला. पण दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या सवलतींचे फलक लावून, तपासणीआधीच ब्लीचिंगची वेळ देणारे दवाखानेही मी पाहिले आहेत. भरलेल्या दाताचा किंवा कॅपचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, हेसुद्धा रुग्णाला आधी सांगितले जात नाही, आणि मग एकच दात वेगळा दिसतो म्हणून पुढचा खर्च सुरू होतो.

या सगळ्यावर माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तुम्ही सर्वांनी मिळून एक कार्यालय निश्चित करा, जिथे दातांवरच्या अशा उपचारांची तक्रार घेतली जाईल आणि अर्जाला पोच मिळेल. दुसऱ्या खात्याकडे पाठवायचे असेल तर ते खात्यांनी आपसात पाठवावे. नागरिकाला या दारातून त्या दारात फिरवू नये. नोंदणीकृत दंतवैद्य नसेल तिथे दात पांढरे करण्याची सेवा देता येत नाही, अशी लेखी सूचना शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या सर्व पार्लरना द्या आणि दरपत्रकावरून ते कलम काढायला लावा. तुमच्या मते अशी सूचना देता येत नसेल, तर कोणत्या नियमामुळे देता येत नाही, ते मला लेखी कळवा.

ज्यावर घटक, टक्केवारी आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, असे दातांचे जेल, पट्ट्या आणि पावडरी घाऊक दुकानांतून आणि पार्लरमधून नमुन्यादाखल ताब्यात घ्या, तपासा, आणि त्यांत काय निघाले ते मराठीत प्रसिद्ध करा. पुढच्या गड्ड्याच्या वेळी, आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपुरातही, दातांवर, डोळ्यांवर किंवा कानांत काहीही लावणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांची तपासणी पहिल्या दिवशीच व्हावी. यात्रा उठून गेल्यावर बाटली कुणाची हे सापडत नाही.

आणि शाळांसाठी एक मागणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलांच्या तपासणीसाठी येतात, आमच्याकडेही येतात, आणि ती मंडळी मनापासून काम करतात. त्या भेटीत आठवी ते दहावीच्या मुलांना दहा मिनिटे दातांच्या कवचाविषयी सांगितले जावे: आंबट खाल्ल्यावर निदान अर्धा तास ब्रश करू नये, आधी साध्या पाण्याने चूळ भरावी, ब्रश मऊ असावा, टूथपेस्ट फ्लोराइडची असावी, मोबाइलवर पाहून दातांना काहीही लावू नये. फरशीचा तो खड्डा पडलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. पथकाला हवा असेल तर आनंदाने देईन. मिश्री आणि तंबाखू सोडू इच्छिणाऱ्या विडी कामगार बायकांसाठी सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी स्केलिंगची सोय झाली, तर त्यांच्या मुलींना कोळसा आणि लिंबाकडे वळावे लागणार नाही.

कुणाचे दुकान बंद पडावे किंवा कुणाला शिक्षा व्हावी, म्हणून मी हे लिहिलेले नाही. त्या पार्लरचे नाव मी इथे दिले नाही आणि देणारही नाही. ज्या कार्यालयाकडे ते अधिकृतपणे मागण्याचा अधिकार असेल, त्याला मी पावतीसह देईन. ती अर्धी वापरलेली सिरिंज आणि गड्ड्यावरची बाटली या दोन्ही वस्तू मी घरात कुलपात ठेवल्या आहेत. त्या ताब्यात घेऊन पोच देणारे कार्यालय कोणते, एवढे कळवा. आमची शाळा सकाळच्या सत्रात भरते आणि साडेबाराला सुटते. त्यानंतर कोणत्याही कामाच्या दिवशी मी त्या स्वतः घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका आणि आई
पूर्व भाग, सोलापूर